कारियेचा पडदा

दम्माम, शनिवार

ती. अण्णा,

तुम्ही वर्गात ज्याचा इतिहास रंगवून सांगायचात, ते इस्तंबूलचं कारिये मी सुट्टीत पाहून आले. आधी मठाचं चर्च, मग मशीद, मग म्युझियम, आता पुन्हा मशीद. मधल्या काळात भिंतीवरच्या चित्रांना चुना फासला, तरी ती टिकली. आता नमाजापुरता मधल्या दालनातल्या चित्रांवर पडदा ओढतात. लोक गेले की तो सरकवतात. तोवर मी बाहेर थांबले होते. एकटीच.

तुमचा विपुल वर्षभर माझ्यापासून वेगळा, इथून लांब रास तनुराला कंपनीच्या खोलीत राहतोय. दर शुक्रवारी तुमच्या तासाभराच्या व्हिडिओ कॉलपुरता इथे येतो, सोफ्यावर माझ्या शेजारी बसतो आणि फोन ठेवला की निघतो. आम्ही आता भांडतही नाही. दोघंही दमलोय.

काल तो बूट न काढताच बसला. माझ्या हातातला फोन कलला आणि तुम्हाला ते दिसलं. आपल्या घरी चपलासुद्धा दाराबाहेर राहतात. आई चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "विपुल, दर आठवड्याला एवढी गाडी हाकत येऊ नकोस. तुला शुक्रवारची ड्यूटी लागलीय, असं मी हिला सांगेन."

घरी आलेलं पत्र आधी आईच उघडतात, म्हणून हे टाकणार नाही.

आमचं एका तासाचं होतं, अण्णा. तुम्हाला आता तो पडदा दिवसभर धरावा लागेल, आईंच्या शेजारी बसून.

तुमची,
मंजिरी