पेन्सिलीची फुली

खडकी, मंगळवार, १७ मार्च, संध्याकाळ

आज निकाल लागला. त्या कंपनीने माझ्या फवारणी पंपाच्या झडपेची नक्कल केली, हे कोर्टाने मान्य केलं. तरी नुकसानभरपाई नाही. का, तर माझा पेटंटचा अर्ज प्रामाणिकपणे लिहिलेला नाही म्हणे!

झडप माझीच. पण आत स्प्रिंग बसवायची पद्धत जुनी, कारखान्यात आमचे मिस्त्री तशीच बसवत. अर्ज लिहिणाऱ्या भाच्याला, श्रीकांतला, मी हे स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, "मामा, सगळंच आपलं म्हणून लिहू. मागताना कंजुषी कशाला?" मी नको म्हणालो. मग त्याने संगणकावर छापलेल्या दोन्ही इंग्रजी प्रतींवर, एक कचेरीत द्यायची आणि एक माझी, स्प्रिंगच्या मजकुरावर पेन्सिलीने फुली मारली. "स्प्रिंग काढलीय. इथे सही करा." सातवी शिकलेला मी, वाचणार काय? फुली दिसली, पेनाने सही केली.

साक्षीला तोच उभा राहून म्हणाला, "मामांनी सांगितलं तसं लिहिलं." आज कोर्टाबाहेर जाब विचारला, तर म्हणे, "सही तुमचीच आहे ना?" मांडीवर खेळवलेलं पोर हे.

घरी आल्यापासून माझी प्रत घेऊन बसलोय. फुली अजून तिथेच. कोर्टात दाखवलेल्या कचेरीच्या प्रतीवर मात्र ती नव्हती, स्प्रिंगही माझीच म्हणून लिहिलेली. मिस्त्री गेले, पण त्यांच्या मुलाला काय तोंड दाखवू? बापाची युक्ती मी माझी म्हणून लिहून दिली, असंच ना तो म्हणणार?

शेवटी खोडरबर शोधलं. फुली लगेच गेली. सही तशीच आहे.