ओल्द्रिखच्या पाइपवर कोण सापडलं

मेतोदेय भावोजींना लिबुशेचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत, फक्त चालताना सोबत यायला कुरकुरतात. ओल्द्रिखला जाऊन तीन वर्षं झाली. अंत्यविधीनंतर तुम्ही ब्रनोहून इकडे फिरकला नाहीत (तक्रार नाही, नोंद आहे), म्हणून इथला गोंधळ लिहून कळवते.

शेजारच्या क्व्येताच्या द्राक्षमळ्यात पाच हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा निघाला. मागोमाग विद्यापीठातली डॉक्टरीण श्टेपांका आली. गावातल्या जुन्या घराण्यांची थुंकी नळीत घ्यायची आणि त्या हाडांतल्या डीएनएशी ताडून पाहायची, हे तिचं काम. आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, ही अट. पण दारात आलेल्या माणसाला आलुबुखाराची घरची दारू दिल्याशिवाय बोलायचं कसं? आणि पाहुणीला एकटीला प्यायला लावायचं कसं? चौथ्या घरी डॉक्टरीणबाई गात होत्या. पहिल्या दिवसाच्या सगळ्या नळ्या फेकाव्या लागल्या.

मी वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात म्हटलंय, इथे आधी शिकारी होते. मग अनातोलियाकडून शेतकरी आले. मग पूर्वेच्या गवताळ मैदानांतून बैलगाड्या हाकत गुराखी आले आणि इथली वस्तीच पालटली. मग मूळचे कोण? दोनदा वाचलं. पहिल्यांदा शेतकरी मूळचे वाटले, दुसऱ्यांदा कोणीच नाही. काहींच्या मते त्या गुराख्यांत पुरुषच जास्त होते, बायका त्यांनी इथल्याच केल्या (इतर विद्वानांना हे मान्य नाही, विद्वानच ते). चाळीस वर्षं ओल्द्रिख मला "टेकडीपलीकडची उपरी" म्हणायचा. आणि हाच गाडी हाकत आलेला निघाला तर?

म्हणून माझ्या थुंकीच्या नळीसोबत त्याचा तंबाखूचा पाइपही मी श्टेपांकाला दिला, त्याची थुंकी त्यावर राहिली असेल म्हणून. नको म्हणत होती, तरी दिला. महिन्याने आली आणि टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या सरळ करू लागली.

"काकू, यावर बाई सापडली."

"कोण ती?" (माझा आवाज लांब गेला असावा, क्व्येता लगेच मीठ मागायला आली.)

"तुमच्याच नळीशी जुळते, काकू."

मग सांगावंच लागलं. रोज संध्याकाळी मी तो पाइप न पेटवता तोंडात धरून बसते. वास अजून आहे त्याला. पण तीन वर्षांत मी ओल्द्रिखला त्यावरून पुसूनच टाकलं.

आता घराण्यात तुम्हीच उरलात. श्टेपांकाची घराण्यांची यादी महिनाअखेरीस बंद होते आणि त्याच्या घराण्याचं नाव तिच्यात नसलेलं मला बघवणार नाही. येऊन एकदा थुंकून जा. अंत्यविधीच्या जेवणात मी तुम्हाला काय बोलले ते आठवून थुंकलात तरी चालेल, नळीत पडल्याशी कारण.

तुमची वहिनी,
लिबुशे

ता. क. थुंकी टपालानेही पाठवता येते, असं श्टेपांका म्हणते. हे कळवायला मी विसरले असं समजा.

आणखी एक. रविवारी बदक भाजणार आहे. अख्खं बदक एकटीला संपत नाही.