बाबांचं चार तासांचं विमान

मयूर विहार, दिल्ली
ऑक्टोबर १९९७

प्रिय रसिका,

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांनी डिसेंबरची तारीख दिली हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली, आणि 'तुम्ही दोघं नक्की याल ना?' हे वाचून तुझ्या बाबांनी पुन्हा ते विमानांचं मासिक उघडलं. मला तुझ्या बाळंतपणाला यायचंच आहे. नीरजराव कितीही गुणी असले तरी डिंकाचे लाडू काही त्यांच्याच्याने व्हायचे नाहीत. पण दोन वर्षं आमचं येणं कशामुळे अडलं होतं ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोन बाबाच उचलतात आणि शेवटपर्यंत सोडत नाहीत. आत्ता ते बाहेर गेलेत म्हणून लिहायला बसले. कुठे गेलेत ते पुढे सांगते.

त्यांचं कारण तुला पाठ आहे. आवाजाहून कितीतरी जास्त वेगाने जाणारी नव्या पिढीची विमानं येणार आहेत, मग वीस तास पाय आखडून कशाला बसायचं? थोडं थांबलं तर चार तासांत पोचू. जन्मभर विमान खात्यात फायली हलवलेल्या माणसाला हे बोलायचा अधिकार आहे, मान्य. मी एकदा विचारलं, मग घोडं अडलंय कुठे? तर चहा गार होईपर्यंत सांगत बसले. विमान आवाजाच्या पुढे गेलं की खाली असा धमाका होतो की खिडक्या हादरतात, म्हणून वस्तीवरून तसं उडू देत नाहीत. तेल भरमसाट लागतं, जागा थोड्या, त्यामुळे तिकीट राजेमहाराजांनाच परवडणारं. वेग घ्यायचा तो समुद्रावर. मी म्हटलं, दिल्लीला समुद्र कुठून आणणार? ते पंख्याकडे बघत म्हणाले, आपण राजधानीने मुंबईला जाऊ. म्हणजे मुंबईपर्यंत रात्रभर आगगाडी आणि तिथून अमेरिकेला चार तास! मी भाजी चिरायला घेतली.

मग आले गणपती. आपल्या सोसायटीतली मराठी घरं मिळून बसवतात ना, तो. यंदाचा देखावा बाबांनी अंगावर घेतला. थर्माकोलचं लांबलचक विमान, टोकदार नाक, वैमानिकाच्या जागी गणपती आणि सामानाच्या कप्प्यात उंदीर. आरतीनंतर त्यांचं भाषण, तेही हिंदीतून, कारण निम्मी मंडळी पंजाबी. तळमजल्यावरचे खुराना, ते नोएडात प्लॉट विकतात, पहिल्या रांगेत होते. त्यांनी विचारलं, "भाईसाहब, आप भी जाओगे इसमें?" बाबा अगदी भरात होते. छातीवर हात ठेवून म्हणाले, "बिल्कुल! सपत्नीक!" टाळ्या पडल्या. मला तेव्हाच धसका बसला.

दिल्लीचा रिवाज तुला ठाऊक आहे. कुणी परदेशी निघालं की त्याच्या बॅगेवर अख्ख्या ब्लॉकचा हक्क. दुसऱ्या दिवशी खुरानाबाई टोरांटोच्या भाच्यासाठी लोणच्याची बरणी घेऊन दारात. मागोमाग पिन्नीच्या लाडवांचे डबे, विणलेले स्वेटर, कुकरच्या रबरी रिंगा. टोरांटो तुझ्यापासून खूप लांब आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "अरे, वहीं तो है!" बाबांना नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर विमान अजून कागदावरच आहे हे कबूल करणं आलं. दिवाणावर बसायला जागा उरली नाही, तेव्हा मी खरोखर चिडले. मुलगी वाट बघतेय आणि हा माणूस थर्माकोल कापतोय, असं वाटलं.

नवरात्रात खुरानांच्या धाकटीला घेऊन आम्ही अप्पूघरला पाळण्यांत बसायला गेलो. तिथे ती गोल फिरणारी छोटी विमानं आहेत. पोरीने हट्टच धरला, म्हणून तिघंही एकात बसलो. ते जेमतेम डोक्याइतकं वर गेलं असेल, तोच बाबांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. डोळे घट्ट मिटलेले, ओठांत देवाचं नाव. पोरगी खिदळत होती. उतरल्यावर म्हणाले, यांची देखभाल बरोबर दिसत नाही.

मग मला एकेक आठवत गेलं. सरकारी दौऱ्याला विमानाचं तिकीट मिळत असताना ते आगगाडीने जायचे, आणि आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत सगळे त्यांच्या साधेपणाचं कौतुक करायचे. इथे लिफ्ट असून चार मजले चढतात, म्हणे व्यायाम. रसिका, तुझे बाबा घाबरतात गं. विमानांवर इतकं प्रेम आणि पाऊल ठेवायची भीती. चार तास कसेबसे डोळे मिटून काढता येतील, वीस तास नाही. म्हणून ते त्या विमानाची वाट बघत होते. तुझ्याकडे यायचं नव्हतं असं नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

त्यांना मात्र काही बोलले नाही. खुरानाबाईंना घेऊन कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एजंटाकडे गेले आणि माझं एकटीचं तिकीट काढलं, साध्या, वाटेत थांबत जाणाऱ्या विमानाचं. आणून देवापुढे ठेवलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मग जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी मला न सांगता गेले आणि माझ्या शेजारचं तिकीट घेऊन आले. त्यानंतर एक दिवस सोसायटीच्या चौकीदाराने मला हळूच विचारलं, "आंटीजी, अंकलजी रोज लिफ्ट में ऊपर-नीचे करते रहते हैं। कुछ गुम हो गया क्या?" मी म्हटलं, नाही रे, अमेरिकेची तयारी चाललीय. आत्ताही तिथेच गेलेत. आधी पहिल्या मजल्यापर्यंतच जायचे, आता वरपर्यंत जातात. परवापासून डोळेही उघडे ठेवतात म्हणे.

तर आम्ही दोघं नोव्हेंबरच्या शेवटी येतोय. ही बातमी बाबा फोनवर ऐटीत देतील, तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐक. पण हे पत्र लिहिलं ते पुढच्या गोष्टीसाठी. विमानतळावर भेटलीस की प्रवास कसा झाला असं त्यांना मुळीच विचारू नकोस, नीरजरावांनाही बजावून ठेव. त्यांचा हात धर आणि एवढंच विचार, "बाबा, ते चार तासांचं विमान कधी येतंय?" मग ते घरापर्यंत बोलत राहतील. तोवर हात सोडू नकोस.

तुझीच,
लोणच्याच्या बरणीसकट निघालेली,
आई