पिचर निवडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही

रविवार, ८ सप्टेंबर. दुपार.
शेवटचा आठवडा. आठ जणांच्या लीगमध्ये मी आठवा. नशिबाने; अकलेने नव्हे. समोर सातवा, म्हणजे मार्टाचा भाऊ एमिल. हरेल तो लीगबाहेर, कायमचा. म्हणजे एमिल बाहेर. कारण स्वारी तीन आठवडे कॅनडात तळ्यावर मासे धरत बसलीय, फोनला रेंज नाही. टीम जशी लावून गेला तशीच पडून आहे. त्यातल्या एका पिचरचा तर खांदा निखळलाय!

मार्टा नेहमीचंच बोलली. बेसबॉलच्या मॅचमध्ये बॉल टाकणार ते पिचर, पगार त्यांना, तुम्ही आठ जण घरी बसून नुसती त्यांची नावं निवडणार आणि त्यांच्या खेळावर आपले गुण मोजणार. मग घाम तुला का फुटतो? बायकोला काय सांगायचं. बॅटिंग सोडा, आमच्याकडे पिचिंगला दुप्पट गुण. ज्याचे पिचर दर इनिंगला कमी रन देतील त्याचा आठवडा. बस्स.

संकल्प: आतून वाटलं म्हणून काहीही करायचं नाही. फक्त आकडे. फोन दिवसातून दोनदाच बघायचा.

सोमवार, ९ सप्टेंबर. सकाळी ६.१०
आज रेन्फ्रोची पाळी. लावला.

६.४०
काढला. शिकागोत वारा मैदानाबाहेर वाहतोय. बॉल पतंगासारखे उडणार. टोस्टला लोणी लावता लावता मार्टा म्हणाली, असू दे की रेन्फ्रो, बरा टाकतो बिचारा. वाऱ्याचं गणित तिला कुठलं कळायला.

संध्याकाळ.
रेन्फ्रोने मॅचच्या नऊच्या नऊ इनिंग टाकल्या. एकही रन दिला नाही. आणि हे सगळं माझ्या बाकावर बसून! बाकावरच्याचं काही धरत नाहीत. वारा ऐनवेळी पडला त्याला मी काय करू? निर्णय बरोबर होता, निकाल चुकला.
फोन एकतीस वेळा बघितला. पण त्यातले एकोणतीस हवामानासाठी.

मंगळवार, १० सप्टेंबर
मलव्हेन: सहा इनिंग, एक रन. मी काय म्हणत होतो! निव्वळ आकड्यांवरून निवडला. (शिवाय त्याचे आजोबा आपल्या ईरी गावचे. हा आकडा नाही, पण असायला हवा.) रविवारी पुन्हा त्याचीच पाळी आहे. एकाच पिचरच्या दोन मॅच! याला म्हणतात दूरदृष्टी.
लीगप्रमुख व्हिन्सचा सगळ्यांना मेसेज: आठवड्यात प्रत्येकाच्या पिचरांच्या मिळून किमान वीस इनिंग झाल्याच पाहिजेत, नाहीतर पिचिंगचे सगळे गुण समोरच्याला. असल्या सूचना नवशिक्यांसाठी असतात. पुसून टाकला.

बुधवार, ११ सप्टेंबर
हॅस्केल: एक इनिंग. मग कोपर धरून बाहेर. मी तेव्हा दुकानात, रंगाच्या काउंटरवर, कानात रेडिओ. ड्रेशरबाईंना नातवाच्या खोलीसाठी फिकट पिवळा हवा होता, तो वाटाण्यासारखा हिरवा झाला. म्हणाल्या, बाळाची खोली आहे हो, डबकं नव्हे. मालकासमोर म्हणाल्या.
तरी हॅस्केलने जाताना रन दिला नाही. जमेची बाजू.

गुरुवार, १२ सप्टेंबर
ओर्तुन्यो: सात इनिंग, एक रन. जेवणाच्या सुट्टीत व्हिन्सला फोन करून सांगितलं की तुझ्या गॅरेजमधली फ्रीजशेजारची खुर्ची माझीच ठेव. तो म्हणाला, लेका लोवेल, आधी आठवडा तर संपू दे. बघवत नाही लोकांना.

खरं सांगायचं तर जीव त्या खुर्चीतच अडकलाय. मार्चमधला तो शनिवार, व्हिन्सच्या बायकोने ठेवलेलं राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं, आणि आठ माणसं ओरडून ओरडून खेळाडू वाटून घेतात. बावीस वर्षं झाली. एरवी वर्षभर लोक माझ्याशी फक्त रंगाबद्दल बोलतात. त्या दिवशी मी एक नाव घेतलं की सात जण शिव्या घालतात. तेवढाच जिव्हाळा. तो गेला तर मी काय करू?
जाणार नाही म्हणा. नुसतं लिहून ठेवलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर
आज आपला एकही पिचर नाही. मार्टाबरोबर क्लबात फिश फ्राय. तिने विचारलं, टेबलाखाली सारखं काय बघतोयस? म्हटलं, नॅपकिन. ती म्हणाली, नॅपकिनचा उजेड पडलाय तुझ्या हनुवटीवर. मासा गार झाला. उद्यापासून फोन खरंच दोनदा.

शनिवार, १४ सप्टेंबर
लिंडक्विस्ट: पाच इनिंग, एक रन. म्हणजे अख्ख्या आठवड्यात माझे फक्त तीन रन! एमिलचे वाऱ्यावर सोडलेले पिचर बावीस देऊन बसलेत. उद्या माझे मलव्हेन आणि रेन्फ्रो, दोघंही आहेत. पण समजा बिघडले तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघांनाही बाकावर बसवलं. पिचरच नाही, तर रन देणार कोण? असलं डोकं लागतं.
मार्टा म्हणाली, दोघं चांगले टाकतायत ना, मग बसवतोस कशाला? हसलो फक्त.

रविवार, १५ सप्टेंबर. दुपारी १२.४५
व्हिन्सचा फोन. शुद्धीवर आहेस ना, म्हणाला, त्या दोघांना बाकावर काय ठेवलंयस, जरा मोजून बघ... मी फोनच ठेवला. माझं मन डळमळीत करायला बघतो!

१.०५
मॅच सुरू. आता काही बदलता येत नाही. फोन खणात टाकला; आता गवत कापणार, संध्याकाळपर्यंत हात लावणार नाही. संकल्प पाळतोय! मनाचा निग्रह म्हणजे हा.

संध्याकाळ.
सहा, एक, सात, पाच. एकोणीस.
पुन्हा मोजले. एकोणीस. मार्टाकडून मोजून घेतले. तिचेही एकोणीसच.
मलव्हेन आणि रेन्फ्रोने आज मिळून तेरा इनिंग टाकल्या. एक रन. बाकावर.
पिचिंगचे सगळे गुण एमिलला. हा वीसचा नियम चार वर्षांपूर्वी लीगमध्ये आणला कोणी? मी. एमिलला अडकवायला.

सोमवार, १६ सप्टेंबर
एमिल परतला. बर्फाच्या पेटीतून मासे घेऊन आला. म्हटलं, जिंकलास. म्हणाला, काय?

व्हिन्सचा फोन आला. सगळ्यांना वाईट वाटतंय म्हणाला, पण नियम तो नियम. माझ्या रिकाम्या जागेसाठी तीन वर्षं एकच नाव यादीत आहे. मार्टा.
मी तिला विचारलं, मला कधी बोलली नाहीस? म्हणाली, बोलले असते तर तू मला वारा समजावत बसला असतास.

जेवण झाल्यावर ती कागद-पेन घेऊन समोर बसली. म्हणाली, मार्चसाठी तुला कुठले पिचर पसंत आहेत ते सांग. लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं कधी विचारलं नव्हतं. सात नावं सांगितली, कारणांसकट, घाई न करता. तिने एकेक नीट उतरवून घेतलं. कागदाच्या वर मोठ्या अक्षरांत ‘हे घ्यायचे नाहीत’ असं लिहिलेलं दिसलं. आधीची कसली तरी वाणसामानाची यादी असणार. कागद वाया घालवत नाही ती.