बहिरा बॅक

बाबा, परवा तुमच्या त्या गोलकीपरचा पोरगा घरी आला होता. पोरगा म्हणजे आता त्यालेच नातवंडं आहेत, डोक्यावर केस उरला नाही. तुमच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास लिहून राहिला म्हणे, पहिल्या टीमपासून. बाहेरून पगारी खेळाडू आणणाऱ्या क्लबाले आता आठवण झाली की सुरुवात अनवाणी खलाशांनी, लोखंड चढवणाऱ्या मजुरांनी केली होती. दारातूनच ओरडला, "दीदी, सुनाई देता है ना?" बहिरेपण रक्तातून उतरते असं वाटलं असन त्याले. मी म्हटलं, हळू बोल बाबू, म्हातारी आहे मी, बहिरी नाही. मंग चहा पिता पिता त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. रेल्वेवाल्यांसोबतची ती पहिली फायनल आली, अन् तिच्यात तुम्ही आले, गोलापुढचे बॅक. बॅक ऊंचा सुनते थे, गोलकीपर की आवाज उन तक नहीं पहुँची, इसलिए गोल हुआ. कागद मांडीवर ठेवून त्यानं विचारलं, असंच छापू ना? घरच्या माणसाचं हो पाहिजे होतं त्याले. जन्मभर 'बहिऱ्याची पोर' ऐकलं मी, कॅम्पात, नळावर, लग्नाच्या मांडवातसुद्धा. आता एका शब्दानं सारं पुसता आलं असतं. मी उठून चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

तेव्हा पोलाद कारखान्याची भट्टी अर्धीच उभी होती. तुम्ही वर लोखंडावर चढणारे, खालच्या माणसाची शिटी अन् हाक ऐकून तुळई जागेवर बसवणारे. आपण मजुरांच्या कॅम्पात टिनाच्या खोलीत, आई पोटुशी. क्लबाच्या साहेबानं सांगितलं होतं की टीममध्ये जो टिकन तो पर्मनंट होईन, अन् पर्मनंट झाला की सेक्टरात कंपनीचं पक्कं क्वार्टर. क्वार्टर मिळायच्या आधीच आई तुमच्याशी त्याच्या खिडकीवरून भांडत होती, कोणत्या बाजूची घ्यायची म्हणून. टीममध्ये बंगाली, मद्रासी, पंजाबी, तुम्ही भंडाऱ्याचे, अन् गोलात तो इथलाच माणूस. त्याच्या बापाचं धानाचं शेत कारखान्यात गेलं होतं; भट्टीकडे बोट दाखवून तो सांगायचा, तिथं आमचा बांध होता. मैदानावर ज्यानं त्यानं आपल्या भाषेत ओरडायचं अन् कोणालेच काही कळायचं नाही, म्हणून साहेबानं हुकूम काढला: हाक मारायची ती हिंदीत. बॉल आपला असला की 'मेरा' म्हणायचं. गावठी बोलला तो बाहेर.

फायनलच्या दिवशी बॉल उंच आला. कीपर हुकूम विसरला अन् ओरडला, "मोर, मोर." त्यांच्या छत्तीसगढीत मोर म्हणजे माझा. तुम्हाले का माहीत नव्हतं? कॅम्पात दिवसभर तेच कानावर येत होतं. पण घाईत माणसाचा कान आपल्या गावाले जाते. भंडाऱ्याकडे आपण 'मोरे' म्हणतो पुढे व्हायले. तुम्ही पुढे घुसले, तो वरून आला, दोघं आपटले, अन् बॉल एखाद्या कोंबडीसारखा चालत चालत गोलात गेला.

सामना हरल्यावर साहेबानं दोघांले उभं केलं. मी अन् आई दोरीजवळ होतो, आईची नखं माझ्या खांद्यात. साहेबानं विचारलं, आवाज किसने दी, क्या बोला? कीपर खाली पाहून राहिला, त्याच्या मानेवरून घाम चालला होता. तुम्ही 'मोर म्हटलं' म्हणता तर तो गेला. 'मी चुकीचं समजलो' म्हणता, तर साहेब विचारन, काय समजला, अन् पुन्हा तो शब्द निघन. तुम्ही कानाची माती पुसली.

"मेरेकू सुनाई नहीं दिया, साब."

चिल्लाना पूरे ग्राउंड को सुनाई दिया, साहेब म्हणाला; शब्द तेवढा त्याले दुरून कळला नव्हता. तुम्ही म्हणाले, कानच कमी आहे माझा. आईचा हात माझ्या खांद्यावरून निघून गेला.

खोलीत आल्यावर आई म्हणाली, "कावून बोलले तुम्ही असं?" तुम्ही पाय धूत होते. म्हणाले, "त्यानं हाक बरोबरच देली. माह्या कानानं भंडाऱ्याचं ऐकलं, त्याले तो का करन?"

"मंग त्या कानालेच मागा क्वार्टर."

ज्याले ऐकू येत नाही तो वर कसा चढन? तुम्हाले टीममधून काढलं अन् लोखंडावरूनही उतरवलं, ठेकेदाराकडे विटा रचायले. ठेकेदाराच्या सुपरवायझरले संशय, की हा वर चढायले भिऊन बहिरा झाला. मी डबा घेऊन येते तर तुम्ही पाठमोरे, विटेवर वीट ठेवून राहिले. सुपरवायझर मले बोटानं गप्प राहायले सांगते, अन् एक लोखंडी प्लेट दोन्ही हातांनी उचलून तुमच्या टाचांमागे येऊन उभा राहते. तुम्ही वळले तर खोटं उघडं पडन, तुम्हीही जाल अन् तो कीपरही. हे मले ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून निघतेच, "बाबा." तुम्ही वळत नाही. प्लेट पडते, विटा वाहणाऱ्या रांगेतल्या बाया कानावर हात ठेवतात, अन् तुमचा हात पुढची वीट उचलून ओळीत ठेवते, सरळ, जराही वाकडी नाही. सुपरवायझर थुंकून निघून गेला. मी फिरून तुमच्या समोर आली. तुम्ही डबा उघडला अन् म्हणाले, चटणी तिखट झाली. नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाले.

आईले क्वार्टर मिळालं नाही अन् खिडकीही नाही. पुढं रस्त्यावर तुम्हाले हाक मारायची तर ती तुमच्या पुढं जाऊन उभी राहायची, अन् मनातल्या शिव्या डोळ्यांनी द्यायची. कीपर पर्मनंट झाला. भेटला की तोही फिरून समोर यायचा, हातवारे करून मोठ्यानं बोलायचा, अन् तुम्ही दोघं खोटारडे एकमेकांकडे पाहून गालात हसायचे. आई त्याले चहा द्यायची, पण बशी नाही द्यायची. साहेबाची बदली झाली, हुकूमही त्याच्या ट्रंकेत गेला. मंग म्हातारा होईतो कीपरनंच क्लबातल्या पोरांले शिकवलं.

मागच्या हिवाळ्यात मी भाजीची पिशवी घेऊन मैदानाच्या कडेनं येत होती. गोलात कोणी केरळचा नाहीतर मणिपूरचा पोरगा, पगारावर आणलेला, छत्तीसगढीचं अक्षर न येणारा. बॉल उंच आला अन् तो गळा फाडून ओरडला, "मोर." त्याच्यापुढचे सारे थांबले. एकही पुढे घुसला नाही. मी मैदानातल्या एकाले विचारलं, हा असं कावून ओरडते? तो म्हणाला, हमारे क्लब में ऐसा ही बोलते हैं, अम्मा, शुरू से.

तर परवा मी त्या पोराले म्हटलं, लिही. बहिरा होता माझा बाप. त्यानं लिहिलं, माझ्या पाया पडला, अन् जाताना गेटातून पुन्हा ओरडून नमस्ते केलं. गाढव.

हे पत्र कुठं टाकू? चूल असती तर पेटवायच्या कामी आलं असतं, गॅसच्या घरात तेवढाही उपयोग नाही. घडी करून उशीखाली ठेवून राहिली. एकच राहिलं सांगायचं. त्या दिवशी विटांजवळ मी हाक मारली तेव्हा तुमच्या मानेची शीर हलली होती. मी पाहिलं. तुम्ही ऐकलं होतं. वळले नाहीत ते बरोबरच केलं, हे मी आईजवळही कधी कबूल केलं नाही. पण मले ते लागलं, बाबा. अजून लागते.