एकवीस किलोचा ताण

प्रिय हिमेना,

लग्नाची यादी मिळाली. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, बाउतिस्ताच्या, मावश्याच अकरा निघाल्या, हे वाचून दुकानात एकटाच हसलो. मेंदोसात वाइनही फार आणि मावश्याही फार. मग यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली, बोट ठेवून. नेलिदाचं नाव नाही. नसणार हे माहीत होतं, तरी शोधलं. नऊ वर्षं कोच म्हणून जिनं तुला घडवलं, तिच्यासाठी एक खुर्ची मागायला हे पत्र लिहितोय. कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे, पण शेवटपर्यंत वाच.

इथे तुकुमानमध्ये सगळं जागच्या जागी आहे. क्लबात टेनिसच्या कोर्टांवर विटांची नवी भुकटी पडली, त्यामुळे माझे मातेचा कडू चहा पिण्याचे भोपळेसुद्धा लाल झालेत. डोळे अधू झाले, पण रॅकेटच्या तारा ओढताना बोटं अजून चुकत नाहीत. खेळाडू सगळ्या जगापासून दुखणं लपवतो, तार ओढणाऱ्यापासून नाही. पंधराव्या वर्षापासून तू चोवीस किलोचा ताण मागायचीस. आपल्याच क्लबातल्या त्या स्पर्धेत, पहिल्या सामन्याच्या आदल्या दुपारी, रॅकेट टेबलावर ठेवून तू हळूच म्हणालीस, "पपा, या खेपेला एकवीसच ओढ." तार सैल असली की चेंडू आपसूक पळतो, हाताला जोर लागत नाही. म्हणजे खांदा गेला होता. तू, नेलिदा आणि मी, तिघांनाच ते ठाऊक होतं.

फोनवरचा तो अंदाजांचा बाजार तुला माहीत आहेच. उद्या कोण जिंकेल याचे तिथे भाव लागतात, पार आपल्यासारख्या गल्लीतल्या स्पर्धांचेसुद्धा. त्या दुपारपर्यंत भाव होता, हिमेना जिंकेल, शंभरात अडुसष्ट. सकाळी तू बघितलंस तर भाव एकेचाळीसवर आला होता. कुणीतरी आतलं फोडलं, हे तुला लगेच कळलं. आणि तू नेलिदाकडे बघितलंस. माझ्याकडे बघायचं तुझ्या मनातही आलं नाही. मी तेव्हा कुंपणापाशी एम्पानादा खात उभा होतो.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिस करताना तुझा चेहरा पांढरा पडला. नेलिदा बाकावरून सांगत होती, सोड, सामना सोड, पोरी. तिनं पैसे लावलेत म्हणून ती सोडायला सांगतेय असं तुला वाटलं, आणि तू आणखी जोरात मारलंस. तिसऱ्या फटक्याला हात खाली आला तो आलाच. शस्त्रक्रिया झाली, खेळ संपला. नेलिदाला तू पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत जे बोललीस, ते ऐकून माळ्यानं पाण्याचा नळ बंद केला होता.

हिमेना, तो भाव मी पाडला.

एक सवय होती मला, तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. तुझ्या प्रत्येक सामन्यात तू हरशील यावर मी थोडे पैसे लावायचो. जिंकलीस तर माझे बुडाले, आनंदच. हरलीस तर पुढच्या गावाचं बसभाडं निघालं. त्याला मी बापाची काळजी म्हणायचो. पण त्या सामन्याच्या आदल्या रात्री मी दहापट लावले. एकवीस किलोंची तार माझ्या हातानं ओढली होती ना. ती काळजी नव्हती पोरी, खात्री होती. त्या सामन्यावर दुसरं फारसं कोणी पैसे लावत नव्हतं, त्यामुळे एका म्हाताऱ्याच्या पैशांनीही भाव कोसळेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि त्यात जिंकलेल्या पैशांतूनच तुझ्या खांद्याची पहिली तपासणी झाली.

नेलिदाला कळलं होतं; ती आणि तू सोडून तिसरा मीच उरत होतो. महिनाभरानं ती दुकानात आली, तुझी जुनी रॅकेट हातात घेऊन तारांवर अंगठा फिरवत राहिली. मी रडायलाच लागलो. उद्या हिमेनाला सगळं सांगतो म्हणालो. ती म्हणाली, "गप्प बस, एवारिस्तो. पोरीला दुसरी कोच मिळेल. दुसरा बाप कुठून आणशील?" आणि मी खरंच गप्प बसलो. तीन वर्षं. मला ते फार सोयीचं पडलं.

आता तू लिहितेस की चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत तुला मीच न्यायचं, तोच दुखरा हात माझ्या हातात देऊन. नवा कोट शिवायला टाकला होता, काल कापड तसंच परत घेऊन आलो. तो हात मी धरू शकत नाही. तो नेलिदाला धरू दे. तिला तू स्वतः फोन कर, मी सांगून ती यायची नाही. मला बोलवायचं की नाही ते नंतर ठरव. बोलावलंस तर मागच्या बाकावर बसेन, मावश्यांच्याही मागे. नाही बोलावलंस तर का ते मला विचारावं लागणार नाही.

तू म्हणशील तोवर तुझाच,
पपा