एका ओळीत दोनशे बारा गाड्या

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा! सकाळी सातला स्थानकाच्या विजेच्या फलकावर सगळ्या दोनशे बारा गाड्या एकाच ओळीत. मध्ये थांबा नाही, काही नाही, सरकतायत आपल्या एकामागून एक. पूर्ण फेरीला सत्तेचाळीस मिनिटं लागतात — मी घड्याळ लावून मोजलं. एक गृहस्थ आपला फलाट कळावा म्हणून मान वर करून उभे होते. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांची बस त्यांच्याच पाठीमागून निघून गेलेली. माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

काल संध्याकाळी वेळापत्रकाची फाइल मी स्वतः नीट करून, फलक चालवून बघून घरी गेले होते. मग सकाळपर्यंत होतं काय?

साहेबांनी बोलावलं. वीस तारखेला वरून तपासणी आहे. फलक असाच राहिला तर मला कायम करण्याचा कागद परत जाईल. या बसस्थानकात सहा वर्षं रोजंदारीवर काढली, आणि आता अडणार कुठे तर फलकावर!

बुधवार, ४ फेब्रुवारी

फलक बसवून गेलेल्या माणसाला फोन केला. फलक उत्तम आहे म्हणाला, फाइल वाईट आहे. मी उघडते तेव्हा ओळी कशा छान एकाखाली एक दिसतात! तसं सांगितलं तर म्हणे, दिसण्यावर जाऊ नका.

साहेबांचा उपाय — प्रत्येक ओळीनंतर हाताने दोनदा एंटर. मी आणि तिकीट खिडकीवाली, आळीपाळीने, दोनशे बारा वेळा. परिणाम: प्रत्येक गाडीनंतर एक कोरी ओळ. लोकांना वाटलं, एकाआड एक गाडी रद्द. साहेबांनी लगेच पाटी लावून घेतली: 'कोरी ओळ ही गाडी नाही.' आता लोक चौकशीच्या खिडकीवर येऊन विचारतात, कोरी ओळ किती वाजता सुटते.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा एकच ओळ. आमची चारशे चोवीस एंटर पाण्यात.

साहेबांनी फलकासमोर खुर्च्या मांडायला लावल्या. पूर्ण फेरी झाली की मागच्या रांगेतून टाळ्या पडतात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

जेवताना डोकं धरून बसले होते. नवरा म्हणाला, दुसरी नोकरी बघ. तेवढ्यात आई बोलल्या! सासूबाई हल्ली घरात बोलत नाहीत. अठ्ठावीस वर्षं याच स्थानकाच्या माइकवरून गाड्या पुकारल्या त्यांनी. तीन महिन्यांपूर्वी फलक आला, त्या घरी आल्या आणि आवाजाची गरजच संपली. मीठ हवं असलं तरी बोट दाखवतात.

म्हणाल्या, "अगं, एक गाडी वाचली की मी श्वास घ्यायचे, आणि मग बोट खालच्या ओळीवर न्यायचे. दोन्ही लागतं. तुझा फलक श्वास घेत नसेल."

आणि परत गप्प. मी ताट तसंच ठेवून वहीत लिहून घेतलं. उष्टे हात तसेच वाळले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आईंच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं! सापडलं! ओळ संपली हे सांगणारी खूण डोळ्यांना दिसत नाही, पण असते. माझं कॉम्प्युटरचं मशीन दोन खुणा टाकतं — एक थांबायची, एक खाली उतरायची. दुसऱ्या जातीची मशीनं एकीवरच भागवतात. वाचताना दोन्ही सारखंच दिसतं. पण आमच्या फलकाला दोन्ही लागतात, नाहीतर ओळ संपली हे त्याला कळतच नाही. सकाळच्या फाइलमध्ये एकच खूण निघाली.

म्हणजे रोज कोणीतरी माझी फाइल दुसऱ्या जातीच्या मशीनवर उघडून सेव्ह करतंय. स्थानकात तसं मशीन एकच आहे. निवेदन कक्षातलं जुनं, माझ्या मशीनला तारेने जोडलेलं. आणि तो कक्ष तीन महिने बंद आहे!

मंगळवार, १० फेब्रुवारी

फाइलवर वेळ उमटलेली असते. रोज पहाटे पाच बावन्न, पाच पंचावन्न, पाच एकावन्न. पहारेकऱ्याला चारदा विचारलं, पहाटे बाहेरचं कोणी आत येतं का. चारही वेळा नाही म्हणाला. साहेबांना भुताची शंका आहे. मला म्हणाले, अहवालात तसं लिहू नका, 'अज्ञात' लिहा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पाहिलं.

पहाटे साडेपाचला येऊन सामानघराच्या दाराआड उभी राहिले. आई आल्या. पहारेकऱ्याने उठून नमस्कार केला आणि दार उघडून दिलं. (नंतर मी त्याच्यावर उखडले, तर म्हणतो — बाहेरचं कोणी येतं का, असं विचारलंत. बाई बाहेरच्या कशा?)

आईंनी दिवा लावला, मशीन सुरू केलं, फाइल उघडली. बंद माइक पुढे ओढला आणि पहिल्या गाडीपासून सुरुवात केली. काय तो आवाज! 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' बोट पडद्यावर, ओळ संपली की श्वास, मग बोट खाली. ऐकणारं कोणी नाही. मी सोडून.

फिरायला म्हणून रोज पाचला बाहेर पडतात. त्याआधी गरम पाण्याच्या गुळण्या करतात. मला वाटायचं, या बोलत तर नाहीत, मग घसा कशाला सांभाळतात? मूर्ख मी.

वाचून झाल्यावर मशीनवरच्या चिठ्ठीकडे बघितलं. साहेबांनीच कधीकाळी चिकटवलेली: 'उघडलेली फाइल सेव्ह केल्याशिवाय बंद करू नये.' आईंनी इमानदारीत सेव्ह केलं, दिवा मालवला, गेल्या.

मी तिथेच रडले. सांगणार कसं त्यांना? त्यांनीच माझी नोकरी घालवत आणलीय हे कळलं तर पुन्हा तोंड उघडणार नाहीत.

सोमवार, १६ फेब्रुवारी

फाइलला कुलूप घातलं. कोणीही वाचावी, बदलता येणार नाही. फलक झकास! एक ओळ, एक गाडी. खुर्च्यांवरचे लोक नाराज होऊन उठून गेले.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

नऊला नवऱ्याचा फोन — आई फिरून आल्या नाहीत. धावत निवेदन कक्षाकडे गेले. काचेतून बघते तर मशीनसमोर बसलेल्या. सेव्ह दाबतायत, मशीन नाही म्हणतंय. चिठ्ठी बंद करू देत नाही. तीन तास!

पहारेकऱ्याला पाठवलं. 'बाई, तुम्ही जा, मशीनचं मी बघतो.' त्या गेल्यावर मी चिठ्ठी फाडली. नवी लावली: 'वाचून झाल्यावर फाइल आहे तशी सोडून जावी.'

गुरुवार, १९ फेब्रुवारी

तीन दिवस फलक नीट. साहेब खूश. म्हणाले, उद्याची तपासणी झाली की सही, पेढे आणा. मग सगळ्यांना एकत्र बोलावून दम भरला: तपासणीत चिटपाखरूसुद्धा बोलता कामा नये, फलकच बोलेल. माइकच्या बटणाला जो हात लावेल तो त्याच पावली घरी जाईल.

आईंनी संध्याकाळी विचारलं, तुझा फलक श्वास घ्यायला लागला का? हो म्हटलं. "बरं झालं," म्हणाल्या आणि मिठाकडे बोट केलं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पहाटे पाच वीस. तपासणीची माणसं पावणेसहाला येणार. फलक नीट आहे, तीनदा पाहिला. निवेदन कक्षात जाऊन माइकचं बटण चालू करून आले. आईंना सांगितलेलं नाही.